घर विकताना

मुलांनो, कधी वडिलांची बदली होते, तर कधी कुटुंब वाढते. मग राहते घर विकावे लागते. गिऱ्हाईक घर पाहायला येण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

प्रथम अडगळ काढावी. मोडक्या खुर्च्या, रद्दी, रिकामे डबे भंगारवाल्याला द्यावेत. मोकळी खोली मोठी दिसते. जळमटे झाडावीत. खिडक्यांच्या काचा पुसाव्यात, म्हणजे आत भरपूर उजेड येतो. गळणारा नळ, करकरणारे दार, सैल झालेली कडी दुरुस्त करावी. या कामांना खर्च थोडा लागतो. शेवटी भिंतींना फिकट रंग द्यावा. त्यामुळे खोली उजळ दिसते.

पण भिंतीला ओल आली असेल तर? ओलीवर नुसता रंग देऊ नये. पाणी कोठून झिरपते, ते आधी शोधावे. गच्चीची भेग बुजवावी. भिंत पूर्ण वाळली, की मगच रंग द्यावा. नाहीतर पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतील. तेव्हा त्या घरात दुसरेच कुटुंब राहत असेल!

दुरुस्ती करणे शक्य नसेल, तर घराचा दोष गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावा. आपल्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही सांगतो.

घर घेणारा आपली आयुष्यभराची कमाई त्यात घालतो. म्हणून घर जरूर सजवा, पण त्याचे दोष झाकू नका.