सासरे घरी येतात तेव्हा

मे महिन्याची सुट्टी लागली, की गावाकडील वडीलधारी मंडळी शहरातील मुलांच्या बिऱ्हाडी येऊ लागतात. नातवंडे आनंदतात; काही घरांत सुनेच्या मनावर मात्र आठवडाभर आधीच दडपण येते. सासू-सुनेच्या नात्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. हुकमी स्वभावाच्या सासऱ्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही या विषयाकडे वळत आहोत.

जावयाच्या घरी आलेला सासरा पाहुणा असतो. मुलाच्या घरी आलेला बाप स्वतःला पाहुणा मानीत नाही, आणि त्याने तसे मानावे अशी आपली रीतही नाही. अडचणीचे मूळ येथेच आहे. सदनिका घेताना त्याने पदरचे पैसेही घातलेले असतात. मग कालवणात चिंच किती घालावी येथपासून नातवाची शाळा, सुनेची नोकरी, जपमाळेची वेळ, सर्वत्र अखेरचा शब्द त्याचाच!

तथापि त्याच्याही बाजूने पाहावे. वसईच्या वाडीत केळी आणि पानवेली पिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या शब्दावर सारे घर चालत असे. वाडी गेली, मुलगा शहरात गेला. आज्ञा देण्याची सवय तेवढी उरली. हे उमजले म्हणजे राग ओसरतो. परंतु राग ओसरणे म्हणजे सर्व काही मान्य करणे नव्हे.

पवित्र शास्त्रात सासऱ्याच्या भेटीचे एक बोलके वर्णन आहे (निर्गम, अध्याय १८). मोशेची पत्नी सिप्पोरा आणि दोन मुलगे यांना घेऊन इथ्रो रानात येतो. मोशे त्याला सामोरा जातो, नमन करतो, चुंबन घेतो, क्षेमकुशल विचारून तंबूत नेतो. आणि दुसऱ्याच दिवशी सासरा जावयाच्या कामात दोष काढतो! सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसतो, हे त्याला पटत नाही. पण तो दोषाचे कारण सांगतो, भार वाटून देण्याचा उपाय सुचवतो आणि देवाची तशी आज्ञा असेल तरच हे कर, असेही म्हणतो. न्यायासनावर तो स्वतः जाऊन बसत नाही. मोशे ऐकतो, माणसे मात्र मोशेच निवडतो. मग इथ्रो आपल्या देशी परत जातो. सल्ला आणि सत्ता यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो.

याउलट लाबान. याकोबाने वीस वर्षे सासऱ्याची चाकरी केली, सासऱ्याने वेतन पुनःपुन्हा बदलले, आणि शेवटी याकोब न सांगता कुटुंबासह निघून गेला. दोघांमधील हद्द ठरली ती गिलादाच्या डोंगरावर, दगडांची रास रचून. फार उशिरा ठरली, असे आम्हांला वाटते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात सासू-सासऱ्यांना प्रतिस्पर्धी किंवा घुसखोर समजू नये, त्यांच्या चालीरीतींचा मान राखावा, असे सांगितले आहे. त्याचबरोबर पतिपत्नीचे खासगीपण आणि स्वातंत्र्य जपण्यासही सांगितले आहे. पण हे प्रत्यक्षात बोलायचे कोणी?

मुलाने. सुनेने नव्हे. आमच्या पाहण्यात अशा प्रसंगी पुष्कळ पतिराज वर्तमानपत्रात डोके घालतात, आणि पत्नी एकटी पडते. ‘पप्पा, शाळेचे आम्ही दोघांनी ठरवले आहे’ हे वाक्य मुलाच्या तोंडून, नातवंडांच्या मागे आणि शांत स्वरात आले, तर त्याची धार बोचत नाही. त्यातील ‘दोघांनी’ हा शब्द महत्त्वाचा. जोडीला त्यांच्या हक्काचे काही त्यांच्याकडे सोपवावे. मासळी त्यांनीच पारखून आणावी. गच्चीवरच्या कुंड्यांत काय लावायचे ते त्यांनी ठरवावे.

शिवीगाळ, मारहाण, पगार किंवा दागिने हिरावून घेणे हा मात्र स्वभावदोष नव्हे. ते सोसू नये. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानुसार पतीच्या नातेवाइकांविरुद्धही स्त्रीला दाद मागता येते. आपल्या धर्मगुरूंनाही विश्वासात घ्यावे.

आणखी एक साधी गोष्ट. बोलावतानाच परतीचा दिवस मुलाने वडिलांशी बोलून ठरवावा आणि दोन्ही तिकिटे एकदमच काढावीत. शेवटच्या संध्याकाळी त्यांच्या आवडीचे जेवण करावे आणि मुलाने स्वतः स्टेशनवर पोहोचवायला जावे.