दुपारचा फोन कुणाचा?

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबवहीवर बोललो. आज नको असलेल्या फोनांवर बोलायचं आहे. कर्ज घ्या, विमा काढा, प्लॉट बघा, तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये लागला, असे जे फोन दिवसभर येतात ते. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय? कट केला की झालं. आम्हालाही आधी तसंच वाटायचं.

फुलंब्री तालुक्यातल्या एका गटाची सचिव आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट सांगायला तिने होकार दिला, नाव सांगायला नाही. अद्रकीची लागवड चालू होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिच्या फोनवर रोज दुपारी चार-पाच फोन यायचे. उचलला की पुरुषाचा आवाज. "मॅडम, पर्सनल लोन पाहिजे का?" ती काही न बोलता कट करायची. सासूबाई ओसरीत बसलेल्या. त्यांनी दोन-चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "दिसभर कोनाचे फोन येतात गं तुला? आन् बोलत कामून नाहीस?" संध्याकाळी नवऱ्याने फोन हातात घेतला. आलेल्या कॉलची यादी पाहिली तर अनोळखी नंबरांची रांग. तिने सांगितलं, कंपनीवाल्यांचे आहेत. पण सांगून पटतं का? त्या रात्री सिमकार्ड मोडलं गेलं. नवीन कार्ड आलं, ते नवऱ्याच्याच फोनमध्ये बसलं.

पुढचा त्रास मग आमच्या लक्षात आला. गटाच्या खात्याचे बँकेचे मेसेज जुन्या नंबरवर जात होते. तिच्या आधारला तोच नंबर जोडलेला. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायला ती केंद्रावर गेली तर ओटीपी त्या मोडलेल्या कार्डाच्या नंबरवर. तोच नंबर परत मिळवायला कंपनीच्या दुकानात गेलो, तर कार्ड नवऱ्याच्या नावावर, म्हणून तोच यायला पाहिजे. त्याला मजुरी बुडवून यावं लागलं. एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी झाली. बंद पडलेला नंबर कंपनीला ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाही, आणि आम्ही त्याच्या आत पोचलो. उशीर झाला असता तर तिच्या बँकेचे मेसेज कुणा परक्याच्या फोनवर गेले असते.

हे आम्ही दुसऱ्या गटाच्या बैठकीत सांगितलं. आधी बाया हसल्या. मग एकीने सांगितलं की तिचा फोन दिवसा पोराच्या दप्तरात असतो, याच कारणाने. दुसरीने सांगितलं की ती अनोळखी नंबर उचलतच नाही, आणि म्हणून दवाखान्यातून आलेला आईच्या तपासणीचा फोन राहून गेला. तेव्हा आम्हाला कळलं की फुकटचा त्रास एवढाच हा विषय नाही. बाईच्या हातात फोन राहतो की जातो, इथपर्यंत तो जातो.

आता उपाय. ट्राय म्हणून केंद्राची संस्था आहे, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. सगळ्या मोबाइल कंपन्यांवर तिचे नियम चालतात. जाहिरातीचे फोन नको असतील तर तसं नोंदवायची सोय २००७ पासून आहे, आणि आत्ता लागू असलेले नियम २०१८ चे आहेत, त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी सुधारणा झाली. नोंदणीचा नंबर सगळ्या कंपन्यांना एकच, १९०९. साध्या बटणांच्या फोनवरूनही होतं. पैसे लागत नाहीत, कागद लागत नाहीत. कार्ड कुणाच्याही नावावर असो, ज्या फोनवर त्रास होतो त्याच फोनवरून मेसेज करायचा.

वही घ्या, लिहून ठेवा. मेसेजमध्ये इंग्रजीत स्टार्ट लिहायचं. एस, टी, ए, आर, टी. मग एक जागा मोकळी सोडायची आणि शून्य लिहायचं. हा मेसेज १९०९ ला पाठवायचा. शून्य म्हणजे सगळ्याच जाहिराती बंद. आमच्या एका गटात सात जणींचे मेसेज गेले आणि तिघींचे परत आले, का ते कळेना. पाहतो तर शून्याऐवजी ओ अक्षर टाकलेलं. तेवढं सांभाळा. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी १९०९ ला सरळ फोन लावावा, पलीकडून सांगतात ते बटण दाबत जावं. नोंद झाली की तसा मेसेज येतो. तो पुसू नका.

कुणाला वाटेल, सगळं बंद कशाला, शिक्षणाची माहिती आली तर हवी आहे. तशीही सोय आहे. एक म्हणजे बँक, विमा, कर्ज. दोन म्हणजे जमीन-प्लॉट. तीन शिक्षण, चार आरोग्य. पुढेही आकडे आहेत. काय हवं आणि काय नको, ते या आकड्यांनी ठरवता येतं. आमचं मत विचाराल तर शून्यच टाका. पोरीच्या कॉलेजची माहिती कॉलेजात जाऊन मिळते. आणि घाबरू नका, शून्य टाकल्याने बँकेचे व्यवहाराचे मेसेज, ओटीपी, गॅसचा नंबर लागल्याचा मेसेज बंद होत नाहीत. ते जाहिरातीत धरत नाहीत.

नोंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून शांतता, असं मात्र होत नाही. आमच्याकडे फोन कमी झाले, संपले नाहीत. कारण फोन करणारे तीन तऱ्हेचे असतात.

पहिले रीतसर नोंदलेले. त्यांचा नंबर १४० ने सुरू होतो. फोनवर आधी अधिक चिन्ह आणि ९१ दिसेल, त्याच्या पुढे १४०. हा नंबर दिसला की तो जाहिरातीचाच, उचलायचं कारण नाही. घरातल्या सगळ्यांना हे एकदा दाखवून ठेवा, सासूबाईंना आधी. बँकांनी आणि विमा कंपन्यांनी कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वापरायचे असं आता ठरलं आहे. गावच्या शाखेतले साहेब अजून स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतात ही गोष्ट निराळी. मेसेजच्या नावाच्या शेवटीही आता एक अक्षर असतं. पी असेल तर जाहिरात, जी असेल तर सरकारी.

दुसरे, चोरून जाहिरात करणारे. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फोन करतात. असं करायला त्यांना परवानगीच नाही. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची, तीही १९०९ लाच. काय बोलले ते थोडक्यात, मग त्यांचा नंबर, मग तारीख, मध्ये स्वल्पविराम देऊन मेसेज पाठवायचा. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. आधी नोंदणी केलेली नसली तरी तक्रार घेतात. "माझ्या एकटीच्या तक्रारीने काय होणार?" असं एक ताई म्हणाल्या. तर दहा दिवसांत पाच जणांनी एकाच नंबरची तक्रार केली की कंपनीला कारवाई करावी लागते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. आपल्या गटात दहा-बारा जणी असतात आणि फोन बहुतेक एकाच यादीवरून येतात, त्यामुळे नंबरही पुष्कळदा तेच निघतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ट्रायने सक्त आदेश काढला, त्यानंतर थोड्याच दिवसांत देशभरात पावणेतीन लाखांवर नंबर आणि जोडण्या तोडल्या गेल्या. तेव्हा तक्रार कुठेतरी पोचते.

फोन उचललाच गेला तर काय बोलायचं? आपल्याला दारात आलेल्याला पाणी विचारायची सवय. फोनवरही आपण "नंतर करा", "घरचे आल्यावर विचारते" असं म्हणतो. आमच्या एका ताईची लेक संभाजीनगरात असंच फोन करायचं काम करते. दिवसाला इतके फोन झालेच पाहिजेत असं तिला बंधन आहे. ती सांगते, मावशी, तुम्ही "नंतर करा" म्हटलं की आम्ही तुमच्या नंबरपुढे तशी खूण करतो, आणि मग तुम्हाला फोन येतच राहतो. म्हणून सरळ म्हणायचं, "नको आहे, माझा नंबर यादीतून काढा," आणि फोन ठेवायचा. शिव्या देऊ नका. ती पोर पगारापुरती बोलते, आणि भांडण केलं तर तुमचीच दहा मिनिटं जातात.

आपला नंबर यांच्याकडे जातो कसा, हेही पाहिलं पाहिजे. जत्रेत किंवा दुकानात "कूपन भरा, मिक्सर जिंका" म्हणून चिठ्ठी भरतो, त्यावर नंबर. कर्जाच्या अर्जावर बारीक अक्षरांत संमती असते, त्यावर सही. फोनवर झटपट कर्जाचं ॲप घेतलं की ते सगळी नावं-नंबर वाचायची परवानगी मागतं, आणि आपण होय दाबतो. आणि आमचीही चूक सांगतो. बैठकीच्या हजेरीचा फोटो, त्यात सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर, कधी आधार नंबरसुद्धा, आम्ही व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवर टाकत होतो. शंभर-दोनशे लोकांच्या ग्रुपवर. कोण कुठे पाठवतं, काय ठाऊक. आता ते बंद केलं आहे. यादी कागदावरच राहते आणि कागद कपाटात.

तिसरे म्हणजे चोर. त्यांच्यापुढे १९०९ च्या नोंदणीचा उपयोग नाही, ते नियम मानतच नाहीत. पोलीस, बँक, योजनेचं ऑफिस, काहीही होतात. कधी ट्रायचंच नाव घेऊन म्हणतात, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार. ट्राय असा फोन करत नाही. शेतात मोबाइलचा टॉवर लावतो, आधी अमुक भरा, असं म्हणणाराही चोरच. फोनवर अटक होत नाही, डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही. यांच्या बोलण्यात घाई असते आणि "कुणाला सांगू नका" असतं. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आम्हालाही नाही. व्हॉट्सॲपवर अधिक ९१ सोडून दुसऱ्याच आकड्यांनी सुरू होणारा फोन आला आणि परदेशात आपलं कुणी नसेल तर उचलू नका. तिथे अनोळखी फोनची घंटी वाजूच नये अशीही सोय आहे, सेटिंगमध्ये प्रायव्हसी आणि त्यात कॉल्स.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासात कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचा भार बँकेवर. त्यामुळे घरी काय म्हणतील या भीतीने दोन दिवस गप्प बसलात तर नुकसान तुमचंच वाढतं. घरी नंतर सांगा हवं तर, पण फोन आधी लावा.

हप्ता वसुलीच्या फोनबद्दल पुष्कळ जणी विचारतात. तो विषय मोठा आहे, पुढच्या वेळी घेऊ. तोवर एवढं लक्षात ठेवा की मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

आता फुलंब्रीच्या त्या ताईकडे परत येतो. जुना नंबर मिळाला, या वेळी तिने कार्ड स्वतःच्या नावावर करून घेतलं. स्टार्ट शून्य केलं. पण आम्हाला वाटलं, खरं काम घरात आहे. म्हणून पुढची बैठक तिच्याच ओसरीत घेतली. बचत जमा झाल्यावर सगळ्यांनी फोन काढले आणि प्रत्येकीने आलेले अनोळखी नंबर मोठ्याने वाचले. सासूबाई गहू निवडत ऐकत होत्या. सात जणींच्या फोनवर १४० चे नंबर निघाले, दोन नंबर तर चौघींकडे तेच. बैठकीत एक फोन आलाही. तिने तो स्पीकरवर टाकला. "मॅडम, आपका लोन अप्रूव्ह हो गया है." सगळ्या हसल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

बैठक उठताना त्यांनी कमरेच्या पिशवीतून स्वतःचा बटणांचा फोन काढला आणि सुनेपुढे धरला. म्हणाल्या, "माझ्यावर बी येतात. तो माणूस रोज इचारतो, कर्ज पाहिजे का. मी सांगितलं नाही कोनाला. टाक त्यात बी ते शून्य."