इवल्या हातांवरील गृहपाठाचे ओझे

दिवेलागणीची वेळ झाली की भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांत एकच दृश्य दिसते. आई स्वयंपाकात गुंतलेली असते, वडील बांधीतून नुकतेच परतलेले असतात आणि दुसरी-तिसरीत शिकणारे लेकरू उघड्या वहीसमोर डोळ्यांत पाणी आणून बसलेले असते. ‘अजून झालं नाही का?’ हा प्रश्न आधी सहज विचारला जातो, नंतर रागाने, आणि शेवटी पाठीत धपाटा बसतो. वही कशीबशी पूर्ण होते. पण त्या दिवशी मूल काय शिकले? अभ्यास म्हणजे भीती, एवढेच.

पालकहो, या प्रश्नाकडे आपण थोड्या शांतपणे पाहूया.

मुलाचे शरीर बोलते

मोठ्या माणसाला चिंता वाटली की ती तो शब्दांत सांगू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलापाशी ते शब्द नसतात. त्याची चिंता शरीरातून व वागण्यातून प्रकट होते. सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणे आणि रविवारी न दुखणे, झोपेत दचकणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे, नखे कुरतडणे, वही ‘हरवणे’, गृहपाठ दिलाच नाही असे खोटे सांगणे, ही त्याची लक्षणे होत. यास आळस किंवा ढोंग म्हणण्यापूर्वी आठवडाभर निरीक्षण करावे. दुखणे वारंवार होत असल्यास डॉक्टरांनाही दाखवावे, कारण प्रत्येक पोटदुखी अभ्यासाचीच असते असे नाही.

नियम काय सांगतात?

लहान मुलांवरील या ओझ्याची चर्चा आपल्या देशात जुनी आहे. ख्यातनाम लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात दप्तराखाली वाकलेल्या बालकांची व्यथा मांडली होती. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावर अहवाल दिला. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असे बजावले आणि त्याच वर्षी केंद्र शासनानेही राज्यांना तशा सूचना दिल्या.

केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात याची स्पष्ट मर्यादा आहे. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नसावा. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला १ तास आणि नववीपासून पुढे दिवसाला २ तास. म्हणजे तिसरीतील मूल रोज दोन तास लिहीत बसत असेल, तर दोष मुलाचा नव्हे, मापाचा आहे.

अमेरिकेतील अभ्यासक हॅरिस कूपर यांनी २००६ साली अनेक संशोधनांचा आढावा घेतला. त्यात वरच्या वर्गांत गृहपाठ व गुण यांचा संबंध दिसला. प्राथमिक वर्गांत तो फारच अल्प आढळला. याउलट झोपेचे महत्त्व निर्विवाद आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. झोप मोडून पूर्ण केलेली वही महागात पडते.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ज्याकडे क्वचितच लक्ष जाते. येथील पुष्कळ घरांत झाडीबोली बोलली जाते, काही घरांत पोवारी, गोंडी किंवा हिंदी. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असते. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारला जातो. त्यामुळे मूल ‘पानी’ असे लिहिते, ते ऐकलेले अचूक लिहिते. त्यावर लाल रेघ मारून ‘दहा वेळा लिही’ म्हटले की आपल्या आजीचीच भाषा चुकीची आहे, असे त्याच्या मनावर ठसते. ‘घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात’ असे समजावल्यास मूल अपमान न वाटता दोन्ही शिकते.

घरी काय करता येईल?

१. वेळ ठरवावी. शाळेतून आल्यावर आधी खाणे व खेळणे, मग अभ्यास, मग जेवण व झोप. अभ्यासाच्या वेळी घरातील टीव्ही व मोबाईल मोठ्यांनीही बंद ठेवावेत.

२. काम लहान करावे. दहा गणिते एकदम न दाखवता तीन करू द्यावीत, पाच मिनिटे उठू द्यावे, मग पुढची.

३. सोबत बसावे, पण उत्तर लिहून देऊ नये. आपण फार शिकलेलो नाही, असा संकोच अनेक आईवडिलांना वाटतो. त्याचे कारण नाही. ‘आज काय शिकलास, मला सांग बरं’ एवढे म्हटले तरी पुरे. समजावून सांगताना मुलाचे स्वतःचे शिकणे पक्के होते.

४. घरातील वस्तूंतून शिकवावे. तांदूळ पायलीने मोजणे, रोवणीत किती ओळी झाल्या ते सांगणे, बाजाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे, हे सारे गणितच आहे.

५. तुलना टाळावी. ‘शेजारच्याचं बघ’ हे वाक्य मुलाला पुढे नेत नाही, एकटे करते. गुणांपेक्षा प्रयत्नाचे कौतुक करावे.

६. रोवणी-कापणीच्या दिवसांत घर थकलेले असते, आपला राग लवकर येतो. त्या दिवसांत अपेक्षा कमी ठेवाव्यात.

शिक्षकांशी बोलावे

एवढे करूनही ताण कमी होत नसेल, तर वहीत दोन ओळी लिहून किंवा प्रत्यक्ष भेटून शिक्षकांना सांगावे: ‘मूल इतका वेळ बसले, एवढे झाले, पुढे ते रडू लागले.’ तक्रारीचा सूर न ठेवता माहिती द्यावी. वर्गात मोठी संख्या सांभाळणाऱ्या शिक्षकास घरची स्थिती ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. त्याच कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गृहपाठाचा विषय तेथे मांडता येतो. मूल फारच खचलेले वाटल्यास १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

अपुरी वही उद्या पूर्ण करता येते. ‘मी चुकलो तरी आईबाबा माझेच आहेत’ हा विश्वास मात्र एकदा तुटला की सहजी जुळत नाही. आज रात्री वही मिटल्यावर मुलाला जवळ घ्यावे आणि अभ्यास सोडून दुसरेच काहीतरी विचारावे. तो किंवा ती काय सांगते, ते शेवटपर्यंत ऐकावे.