वीरगळ आदिमानवाचे नव्हेत

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात जुन्या देवळाच्या आवारात किंवा पाराजवळ माणसांच्या आकृत्या कोरलेला उभा दगड दिसला, की ‘पांडवकालीन आहे’ असं हमखास ऐकायला मिळतं. हल्ली कुणी त्याला ‘आदिमानवाचा’ही म्हणतं.

प्रवरेचं खोरं प्राचीन आहे, यात वाद नाही. नदीच्या वरच्या अंगाला जोर्वे, खालच्या अंगाला दायमाबाद. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शेतकऱ्यांची गावं होती. दायमाबादला 1974 साली ब्राँझचा रथ सापडला. त्यात बैलजोडी हाकणारा माणूस उभा आहे. पण त्या लोकांनी माणूस कोरलेले दगड उभे केले नाहीत. मेलेली मुलं ते घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरत. विदर्भात जुनापाणीला लोहयुगीन शिळावर्तुळं आहेत, त्यांतल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत, चेहरे नाहीत. चेहरा, हात, कमरपट्टा कोरलेले प्रागैतिहासिक दगड पाहायचे तर दक्षिण फ्रान्समधल्या रुएर्गसारख्या ठिकाणी जावं लागेल.

आपल्याकडचे हे दगड म्हणजे बहुतांशी वीरगळ, लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, शिलाहार-यादवांच्या आणि त्यानंतरच्या काळातले. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, कधी शेजारी गाई. त्यावर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते असेतो याची कीर्ती राहो.

म्हणजे शेंदूर लावून पुजला जाणारा हा ‘देव’ बहुधा माणूसच आहे. राजाच असेल असंही नाही. गावची गुरं सोडवताना पडलेल्यालाही हा मान मिळे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं कोरली आहेत. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल, तर तो देवीचा आशीर्वाद नव्हे, ती सतीशिळा.

‘कार्बन चाचणी केली की वय कळेल’ हाही गैरसमजच. ती चाचणी एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंची होते. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, पण त्यावरून कोरीवकामाचं वय कळत नाही. ते ठरतं शस्त्रांच्या घडणीवरून, नेसण्यावरून, केसांच्या बांधणीवरून आणि कोरलेला लेख असेल तर अक्षरांच्या वळणावरून. जीर्णोद्धारात ऑइलपेंटचा जाड थर बसतो, तेव्हा नेमक्या याच बारीक खुणा आधी बुजतात. म्हणून रंग लावण्याआधी असा दगड पाण्याने हलक्या हाताने धुऊन, तिरप्या उन्हात त्याचे फोटो काढून ठेवावेत.