बारा संघांची बाद फेरी आणि एका संघाचा भूतकाळ

स्पर्धेचा विजेता मैदानावर ठरतो. परंतु त्या मैदानावर कोणी उतरावे, हे स्पर्धेचे नियम ठरवतात. नियम बदलला की पुढील स्पर्धांचे स्वरूप बदलते, त्याचबरोबर मागील निकालांकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल हे याचे बोलके उदाहरण होय.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा आहे. त्यात अंडाकृती चेंडू हातात धरून धावतात किंवा सहकाऱ्याकडे फेकतात. या खेळाच्या वरच्या श्रेणीत शंभराहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. त्या सर्वांचे परस्परांशी सामने होणे शक्य नसते. म्हणून हंगामाच्या अखेरीस एक निवड समिती संघांची क्रमवारी लावते आणि तिच्या आधारे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीतील संघ निश्चित होतात. २०१४ ते २०२३ या दहा हंगामांत या फेरीत केवळ चार संघांना प्रवेश होता. २०२४ पासून ही संख्या बारा झाली.

या बदलाच्या आदल्याच वर्षी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तेराच्या तेरा सामने जिंकले व आपल्या गटाचे विजेतेपदही मिळवले. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये जॉर्डन ट्रॅव्हिस या त्यांच्या प्रमुख खेळाडूच्या पायाला गंभीर दुखापत झाली. त्यानंतरचे दोन्ही सामने संघाने जिंकले. तरीही त्याच्याविना हा संघ पूर्वीसारखा राहिला नाही, असे कारण देऊन समितीने त्याला पाचवे स्थान दिले. एक सामना हरलेला अलाबामा संघ चौथा ठरला. दुखापत हंगामाच्या आरंभीच झाली असती, तर उरलेल्या संघाचे बळ सर्वांना दिसले असते, अशी खंत ट्रॅव्हिसने व्यक्त केली.

बाद फेरीचे दार बंद झाल्यावर अनेक खेळाडूंनी हंगामातील अखेरच्या सामन्यातून अंग काढून घेतले. ३० डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या त्या सामन्यात जॉर्जिया संघाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा पराभव केला.

हाच हंगाम बारा संघांच्या नियमाने खेळला गेला असता, तर काय घडले असते? फ्लोरिडा स्टेटला प्रवेश निश्चित मिळाला असता. पहिला सामनाही त्यांच्याच मैदानावर झाला असता. विजेतेपद समोर असताना खेळाडू माघार घेते ना, आणि तो मानहानिकारक पराभवही बहुधा टळला असता. मात्र हा संघ विजेता ठरला असता, असे म्हणता येत नाही. नव्या नियमाने प्रवेश कोणाला मिळाला असता, हे सांगता येते. न झालेल्या सामन्याचा निकाल सांगता येत नाही. भूतकाळाचा असा विचार करताना ही मर्यादा पाळावी लागते.

प्रवेशाचे मोल मात्र पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. २०२४ च्या हंगामात समितीच्या क्रमवारीत नोत्र दाम पाचवा, तर ओहायो स्टेट सहावा होता. जुन्या नियमाने हे दोन्ही संघ बाहेर राहिले असते. प्रत्यक्षात २० जानेवारी २०२५ रोजी अंतिम सामना त्यांच्यातच झाला आणि ओहायो स्टेटने तो ३४-२३ असा जिंकला.

विस्ताराला दुसरी बाजूही आहे. चारच जागा असताना एक पराभवही घातक ठरू शकत असे. त्यामुळे प्रत्येक सामन्याला धार होती. ओहायो स्टेट तर २०२४ च्या साखळीत दोन सामने हरूनही विजेता झाला. शिवाय सीमारेषा कोठेही आखली, तरी तिच्या पलीकडे कोणीतरी राहतोच. आता पाचव्याऐवजी तेराव्या संघाची तक्रार ऐकू येते.

तरीही या दोन तक्रारींत फरक आहे. तेराव्या संघाने सहसा काही सामने गमावलेले असतात. फ्लोरिडा स्टेटने एकही सामना गमावला नव्हता. नवा नियम त्या संघाला २०२३ चे वर्ष परत देऊ शकत नाही. परंतु त्या वर्षी तो संघ मैदानावर नव्हे, तर क्रमवारीच्या कागदावर हरला होता, हे तो स्पष्ट करतो.