थलैवासाठी उपास

कुंभकोणम म्हटलं की आपल्याला तंजावरच्या मराठी राज्याचा शेजार, बारा वर्षांनी भरणारा महामहम, गणिती रामानुजन यांची शाळा आणि हल्ली हमरस्त्यावरच्या पाट्यांमुळे डिग्री कॉफी आठवते. याच गावातल्या आनैयडी शाळेत १९२०च्या दशकात एक पोरका मुलगा शिकत होता. सिलोनमध्ये वडील वारल्यावर आई दोन मुलांना घेऊन इथे आली होती आणि घरात खायची मारामार होती. सहा-सात वर्षांचं वय असताना तो मुलगा ‘मदुराई ओरिजिनल बॉइज’ या नाटक कंपनीत भरती झाला, कारण कंपनीत दोन वेळचं जेवण मिळत असे. एम. जी. रामचंद्रन, म्हणजेच एम.जी.आर., यांची ही सुरुवात. पहिला चित्रपट १९३६ सालचा आणि नायकाची पहिली भूमिका १९४७ सालची; मधली अकरा वर्षं किरकोळ कामांत गेली. १९५०च्या दशकात त्यांच्या नावानं ‘रसिगर मन्रम’ म्हणजे रसिक मंडळं निघाली आणि १९७७ साली त्याच मंडळांच्या जोरावर हा नट मुख्यमंत्री झाला. नायकाच्या चिकाटीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. या लेखाचा विषय त्याच्यासमोर उभ्या असलेल्या चाहत्याची चिकाटी हा आहे.

तमिळ चाहता काय काय करतो, हे आपण बातम्यांतून अधूनमधून पाहतो आणि हसतो. पहाटेच्या खेळासाठी रात्रभर रांग, चाळीस-पन्नास फुटी कटआउटवर दुधाचा अभिषेक, नायक (चाहत्यांचा ‘थलैवा’) आजारी पडला की अनवाणी चालणं, मुंडण, जमिनीवर वाढून घेऊन जेवण्याचा नवस. (या दुधापायी तिथली दूध विक्रेत्यांची संघटना इतकी वैतागली आहे की, चाहत्यांना आवरा, अशी विनवणी ती नटांनाच करत असते.) मुंबईकरांना हे सगळं लहान प्रमाणात माटुंग्याच्या अरोरा टॉकीजसमोर रजनीकांतच्या चित्रपटाच्या पहिल्या दिवशी पाहायला मिळालेलं आहे. पाश्चात्त्य जगात ‘कल्ट’ चित्रपट म्हणजे मूठभर वेड्यांनी जिवंत ठेवलेला चित्रपट. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ साली आपटला आणि पुढच्या वर्षीपासून न्यूयॉर्कमधल्या मध्यरात्रीच्या खेळांनी तो तगवला. तमिळनाडूत या वेडाला मूठभरांची मर्यादा नाही, आणि ते चित्रपटगृहाबाहेरही चालू राहतं. मानवशास्त्रज्ञ सारा डिकी यांनी १९८०च्या दशकाच्या मध्याला मदुराईत राहून या मंडळांचा अभ्यास केला. त्यांना तिथे मुख्यतः शहरी गरीब वस्त्यांतले तरुण भेटले. ते पडदे रंगवत, वर्गणी काढत, आणि त्याच वर्गणीतून वह्या-कपडे वाटत आणि शिबिरंही भरवत. हातावर पोट असलेल्या, बाकीच्या आयुष्यात कशाचीच शाश्वती नसलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं नेमानं केलेलं हे काम आहे. याला नुसतं वेड म्हणून सोडून देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: एवढा निग्रह येतो कुठून?

इच्छाशक्तीबद्दलची आपली रूढ समजूत अशी की ती प्रत्येकाच्या आत एखाद्या साठ्यासारखी असते. कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, आणि वापरली की संपत जाते. या समजुतीला शास्त्रीय रूप दिलं ते रॉय बॉमाइस्टर यांच्या १९९८च्या प्रयोगानं. उपाशी विद्यार्थ्यांसमोर ताज्या चॉकलेट बिस्किटांचं ताट आणि मुळ्यांचं ताट ठेवलं. काहींना बिस्किटं खायची मुभा, काहींना फक्त मुळे. नंतर सर्वांना मुळात न सुटणारी कोडी दिली. बिस्किटं खाल्लेले सुमारे १९ मिनिटं झगडले, मुळेवाल्यांनी आठेक मिनिटांत हात टेकले. मोह आवरण्यात त्यांची शक्ती खर्ची पडली, असा निष्कर्ष निघाला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं तो जगभर शिकवला गेला. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर, याच सिद्धान्ताची वेगळ्या पद्धतीनं पण काटेकोर फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. त्याआधी, २०१०मध्ये, व्हेरोनिका जॉब, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी दाखवलं होतं की इच्छाशक्ती संपते असं मानणाऱ्यांचीच ती लवकर संपलेली दिसते. आणि २०१२च्या एका जर्मन पाहणीत २०५ प्रौढांच्या रोजच्या मोहांची नोंद घेतली, तेव्हा उलटंच चित्र पुढे आलं: ज्यांचा संयम चांगला ते मोहाशी जास्त झुंजत नव्हते, त्यांच्या वाट्याला अडचणीचे मोहच कमी येत होते. त्यांनी दिवसाची आखणीच तशी केलेली असावी.

या साऱ्यातला आपल्या विषयाला सर्वांत जवळचा पुरावा भारतातला आहे. कृष्णा सवानी आणि व्हेरोनिका जॉब यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेत अमेरिकन आणि भारतीय लोकांना आधी मेहनतीचं, मग दुसरं एकाग्रतेचं काम दिलं. भारतीयांची दुसऱ्या कामातली कामगिरी पहिल्या कष्टानंतर सुधारली. निग्रहानं माणूस थकत नाही, तयार होतो, अशी श्रद्धा आपल्याकडे अधिक आढळते, असं त्यांचं स्पष्टीकरण. प्रयोगशाळेतल्या लहानशा कामांवरून एका देशाच्या स्वभावाचा निवाडा करू नये, हे खरं. पण ज्या समाजात एकादशीपासून शबरीमलाच्या ४१ दिवसांच्या व्रतापर्यंत उपासाची रीतसर तालीम लहानपणापासून होते, तिथे असं निघालं तर नवल वाटायला नको. मॉरिशसमधल्या तमिळ वंशाच्या लोकांमध्ये तैपूसम या सणाच्या दिवशी गालांतून आणि पाठीतून सळया टोचून कावडी वाहतात. दिमित्रिस झिगालाटास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की या यातनामय मिरवणुकीनंतर लोकांनी साध्या प्रार्थनेनंतरच्या लोकांपेक्षा देवळाला लक्षणीय अधिक दान दिलं. टोचून घेणाऱ्यांनी तर दिलंच, पण सोबत चालत नुसतं पाहणाऱ्यांनीही दिलं. म्हणजे एकाचा निग्रह शेजारच्याला लागतो.

माझं म्हणणं एवढंच की रसिक मंडळ हे या लागणीचं यंत्र आहे. आळंदीहून एकटं निघून पंढरपूरपर्यंत चालतील अशी माणसं थोडी. दिंडीत मात्र सत्तरीची म्हातारी चालते, कारण मुक्काम ठरलेले, पुढे-मागे माणसं, आणि मध्येच परत फिरलं तर चारचौघांत काय सांगायचं हा प्रश्न. मन्रमची रचना अशीच आहे. तारीख बाहेरून येते: नायकाचा वाढदिवस, चित्रपटाचं प्रदर्शन. संकल्प मनातल्या मनात होत नाही, फलकावर नावासकट रंगवला जातो. काम लहान तुकड्यांत वाटलेलं असतं. आणि मोह दूर ठेवण्याचं काम दोस्तमंडळी करतात. ज्याला एकट्यानं महिनाभर रोज पाच रुपये बाजूला टाकणं जमत नाही, तोच मंडळाची वर्गणी चुकवत नाही. मग त्याच्यात इच्छाशक्ती नाही, असं म्हणायचं की तिला उभं राहायला जागा मिळाली, असं?

याचा दाखला खुद्द एका नायकाच्या आयुष्यातही सापडतो, आणि तो नायक योगायोगानं मराठी घरातला आहे. शिवाजीराव गायकवाड बंगळूरमध्ये बस कंडक्टर होते. १५ ऑगस्ट १९७५ला ‘अपूर्व रागंगळ’ आला आणि ते रजनीकांत झाले. त्यांच्या कथेचं नेहमीचं रूप म्हणजे एकट्याच्या जिद्दीची कथा. पण जानेवारी २०२३मध्ये चेन्नईतल्या एका नाटकाच्या समारंभात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की कंडक्टर असल्यापासून रोजची दारू, मोजता न येणाऱ्या सिगारेटी आणि दोन्ही वेळचं मटण असा आपला क्रम होता, आणि त्यातून बाहेर काढलं ते पत्नी लता यांनी, प्रेमानं आणि योग्य डॉक्टरांची गाठ घालून देऊन. ज्याच्या पोलादी मनाची पूजा होते त्यानंच श्रेय दुसऱ्याला दिलं. पडद्यावरची सिगारेटही त्यांनी एकट्यानं खाली ठेवली नाही. २००२च्या ‘बाबा’मधल्या धूम्रपानावर डॉ. रामदास यांच्या पाट्टाळि मक्कळ कट्ची या पक्षानं काहूर माजवलं, खेळ उधळले. २००७च्या ‘शिवाजी’त हवेत उडून ओठांत पडणाऱ्या सिगारेटची जागा च्युइंगमनं घेतली होती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा निग्रह नव्हेच, ही तर इच्छेची शरणागती. १९८४ साली एम.जी.आर. आजारी पडले आणि २४ डिसेंबर १९८७ला वारले, तेव्हा कित्येक चाहत्यांनी स्वतःला जाळून घेतलं. १८ फेब्रुवारी १९९२ला याच कुंभकोणममध्ये, महामहमच्या तळ्यावर, चित्रपटांतूनच राजकारणात आलेल्या मुख्यमंत्री जयललिता स्नानाला आल्या असताना चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० माणसं गेली. २७ सप्टेंबर २०२५ला करूरमध्ये अभिनेते विजय यांच्या सभेत ४१ बळी गेले. हे मृत्यू कुठल्याही मानसशास्त्रानं धुऊन निघणारे नाहीत. तरी यांतल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. महामहम आणि करूरची चेंगराचेंगरी हा रस्ते, वेळ, कठडे आणि पोलीस यांचा प्रश्न आहे. तिथे मेलेल्यांत देवदर्शनाला आलेले भाविक आणि आईबापांसोबत आलेली मुलंही होती, त्यांच्या निग्रहाचा दोष काढणं क्रूरपणाचं ठरेल. आत्मदहनाचं तसं नाही. तिथे तीच शक्ती, तीच सार्वजनिक प्रतिज्ञा, एकाचं पाहून दुसऱ्यानं करण्याची तीच लागण दिसते. म्हणून मी असं म्हणेन की इच्छाशक्तीला सद्गुण समजण्याची आपली सवयच चुकीची आहे. ती बळ आहे. ते रक्तदानाला लागतं तसंच काडी ओढायलाही लागतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. गरीबानं निग्रह करायचा आणि फळ नायकानं खायचं, हा हिशेब एम. एस. एस. पांडियन यांनी ‘द इमेज ट्रॅप’ या १९९२च्या पुस्तकात मांडला. पडद्यावर एम.जी.आर. दारू-सिगारेटला शिवत नसत. ही त्यांच्या प्रतिमेची मुख्य खूण होती. त्यांच्याच सरकारनं १९८१मध्ये दारूबंदी उठवली आणि १९८३मध्ये सरकारी मद्यविक्रीची ‘टास्मॅक’ ही कंपनी काढली. गरिबांच्या खिशातून जाणारा तो पैसा तिजोरीचा मोठा आधार बनला. दुसऱ्या पारड्यात १९८२ची शाळेतल्या मध्यान्ह भोजनाची योजना आहे, जिचं मूळ त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या भुकेत सांगितलं. दोन्ही खरं आहे. आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य: बळाची दिशा बहुतेक वेळा नायक ठरवतो आणि तो ती स्वतःच्या सोयीनं ठरवू शकतो. कमल हासन यांनी आपली मंडळं नेत्रदान-रक्तदानाच्या कामाला लावली, चिरंजीवी यांनी १९९८मध्ये रक्तपेढी काढली. हे झालं कारण त्यांनी ठरवलं. न मान्य होणारा अर्धा भाग असा की चाहत्याला यात काहीच मिळत नाही आणि काहीच कळत नाही. तेलुगू चाहत्यांचा अभ्यास करणारे एस. व्ही. श्रीनिवास सांगतात की चाहत्याची निष्ठा सशर्त असते. नायकानं अपेक्षा मोडली की तो चिडतो, भांडतो, हिशेब मागतो.

रजनीकांतच्या चाहत्यांनी तो मागितला. १९९६च्या निवडणुकीत रजनीकांत यांनी जयललितांविरुद्ध एक वाक्य उच्चारलं, तेव्हापासून त्यांचे लोक त्यांच्या पक्षाची वाट पाहत होते. दोन दशकांहून अधिक काळ, एकही पद किंवा तिकीट हाती नसताना, त्यांनी मंडळं टिकवली. ३१ डिसेंबर २०१७ला पक्षाची घोषणा झाली. २९ डिसेंबर २०२०ला, पक्ष निघण्याच्या तोंडावर, प्रकृतीच्या कारणानं ती मागे घेतली गेली. १० जानेवारी २०२१ला चाहते चेन्नईच्या वळ्ळुवर कोट्टमला जमले आणि निर्णय बदला म्हणून त्यांनी नायकाविरुद्धच निदर्शनं केली. ज्याच्यासाठी उपास केले त्याला ‘नाही’ म्हणण्याइतकं बळ त्या उपासांनीच त्यांना दिलं होतं, असं मला वाटतं. नुसत्या शरणागतांच्या हातून हे झालं नसतं. नायकानं मात्र, मला आणखी दुखवू नका, एवढंच सांगितलं. त्याच महिन्यात सदस्यांना हव्या त्या पक्षात जायची मोकळीक मिळाली. १२ जुलै २०२१ला राजकीय संघटना विसर्जित झाली, आणि तिच्या जागी पूर्वीसारखं सेवाकार्य करणारं रसिक मंडळ तेवढं चालू राहील, असं जाहीर करण्यात आलं.