लांब म्हणजे किती लांब?

बारामतीच्या विमानतळावर वैमानिक व्हायचं शिक्षण मिळतं. त्यामुळे आमच्या इंदापूर तालुक्यातही डोक्यावर छोट्या विमानांची घरघर सवयीची झालीय. बचत गटाच्या बैठकीत एका आजींनी वर बघत विचारलं, "का गं, ह्याला बारामतीवरनं इंदापूरला यायला किती वेळ लागत असंल?"

घरी येऊन हिशोब मांडला. इंदापुरात विमानतळ नाही, तेव्हा हिशोब कागदावरचाच! सरळ रेषेत अंतर सुमारे ४८ किलोमीटर. शिकाऊ विमान ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. म्हणजे वारा साथीला असेल तर जेमतेम पंधरा मिनिटं. एसटीला वळणं, थांबे धरून दीड तास. आणि तुकोबांची पालखी? ती सणसर, निमगाव केतकीला मुक्काम करत इंदापूर गाठते. अंतर तेच, वेळ ज्याची त्याची!

हे आठवलं ते गटातल्याच एका ताईंच्या लेकीमुळे. बारावी झाली, तिला हवा तो विषय बारामतीच्या कॉलेजात. वडील म्हणाले, "बारामती लांब पडतं." विषय संपला.

मी म्हटलं, दादा, लांब म्हणजे किती ते लिहून तरी काढू. घराच्या उंबऱ्यापासून कॉलेजच्या दारापर्यंत घड्याळ लावलं. फाट्यापर्यंत चालत पंचवीस मिनिटं, गाडीची वाट बघण्यात पाऊण तास, गाडीत सव्वा तास, स्टँडवरून पुढे पंधरा मिनिटं. खरी भीती गाडीतल्या प्रवासाची नव्हतीच. ती होती संध्याकाळी फाट्यावर एकटीनं उतरण्याची.

विमानाचंही तसंच नाही का? पुणे-दिल्ली दोन-सव्वादोन तास म्हणतात, पण इंदापूरकरांना आधी लोहगाव गाठायलाच तीन तास!

दुखणं कळलं की औषध सापडतं. त्याच फाट्यावरच्या आणखी दोन मुली निघाल्या. तिघी एकाच गाडीनं जातात, संध्याकाळी तिघींचे वडील पाळीपाळीनं मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचंही ओझं हलकं झालं.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं शिकाऊ विमान आमच्याच तालुक्यात, कडबनवाडीच्या शेतात कोसळलं होतं. आत एकटी बावीस वर्षांची मुलगी! किरकोळ जखमांवर निभावलं, म्हणून हायसं वाटलं. तेव्हा बायका हळहळल्या, "कशाला पाठवायचं पोरींना एवढं?" मला मात्र वाटलं, कुणाची तरी लेक एकटी आभाळात जाते, आणि आपली लेक फाट्यावर अडते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी "लांब पडतं" म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. कागद घ्या, घड्याळ घ्या आणि उंबऱ्यापासून मोजा. अडचण बहुतेक वेळा किलोमीटरमध्ये नसतेच. कुठं असते, ते मोजल्यावरच कळतं.